एका मेडिकलवाल्यानं वाचलेला ‘द प्लेग’

फ्रेंच लेखक आल्बेर कामूच्या ‘द प्लेग’ कादंबरीत साथ सुरू झाल्यावर जाता जाता एक बारीक नोंद येते. ओरान शहरातल्या औषधाच्या दुकानांतून पुदिन्याच्या गोळ्या गायब झाल्यात, कारण त्या चघळत राहिलं की लागण होत नाही अशी लोकांची समजूत झालीय. बस, एवढंच. कामू हसत नाही, शहाणपण शिकवत नाही, पुढच्या गोष्टीकडे वळतो. समीक्षक या कादंबरीबद्दल तत्त्वज्ञानाच्या अंगानं पुष्कळ बोलतात. मला तिच्यावर विश्वास बसला तो या पुदिन्याच्या गोळ्यांमुळे.

माझं मेडिकल सोलापूरच्या पूर्व भागात आहे. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागावरचे कामगार आणि विडी वळणाऱ्या बायका. चिठ्ठी घेऊन येणारे कमी, ‘अंग दुखतंय शेठ, कायतर द्या’ म्हणणारे जास्त. एप्रिल २०२० मध्ये पाच्छा पेठेत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, गल्ल्यांच्या तोंडाला बांबू बांधले गेले आणि मागांची खटखट थांबली. दुकान मात्र उघडंच होतं. पहिल्यांदा मागणी आली आर्सेनिक अल्बम या होमिओपॅथीच्या गोळ्यांची. मग व्हिटॅमिन सी आणि झिंक. दुसऱ्या लाटेत कापूर! कापूर, लवंग आणि ओवा फडक्यात बांधून हुंगला की अंगातला ऑक्सिजन वाढतो, असं कुणीतरी मोबाइलवर फिरवलेलं. देवापुढं जाळायला दोन वड्या मागणारी म्हातारी परत जायची आणि तिच्या मागचा माणूस अख्खा डबा मागायचा. त्याला समजावून सांगायला गेलं तर म्हणायचा, "तुमाला विकायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या."

त्याच्याही आधीचं सांगतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आल्याच्या बातम्या आल्या, आपल्या बीड जिल्ह्यातही रुग्ण सापडल्याचं छापून आलं, तेव्हा गल्ल्यावर वडील बसायचे. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल बघता बघता संपल्या. ज्याला साधी सर्दी नव्हती तोही पाकीट भरून मागत होता. वडील मोजून थोड्याच द्यायचे आणि शिव्या खायचे. कामूचं ओरान मला परकं वाटलं नाही ते यामुळे. तिथं कॅफेवाला पाटी लावतो की चांगली वाइन जंतू मारते. साथीची माहिती द्यायला म्हणून एक नवं वर्तमानपत्र निघतं आणि थोड्याच दिवसांत त्यात रामबाण उपायांच्या जाहिराती तेवढ्या उरतात. हे १९४७ साली छापून आलेलं आहे.

गोष्ट थोडक्यात. अल्जीरियाच्या किनाऱ्यावरचं ओरान, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातलं, वस्ती दोन लाख. साल एकोणीसशे चाळीस-अमुक, शेवटचा आकडा कामूनं मुद्दाम गाळलाय. १६ एप्रिलला सकाळी डॉक्टर रियू दवाखान्यातून बाहेर पडतो आणि जिन्याच्या चौकात मेलेला उंदीर त्याच्या पायात येतो. इमारतीचा राखणदार मिशेल हटून बसतो की आपल्या इमारतीत उंदीर नाहीतच, टवाळ पोरांनी आणून टाकलाय. मग उंदीर बाहेर येऊन मरायला लागतात, रस्त्यात, गटारात, कारखान्यांत. २५ एप्रिलला एका दिवसात ६,२३१ उंदीर गोळा करून जाळल्याचं जाहीर होतं. मग एकदम उंदीर थांबतात, शहर सुटकेचा श्वास टाकतं आणि तो राखणदार मान वाकडी करून भिंतीच्या आधारानं चालताना दिसतो. मानेत गाठी, जांघेत गाठी, अंगात फणफणून ताप. शहराची दारं बंद होतात ती थेट पुढल्या फेब्रुवारीत उघडतात.

शहराचं वर्णन पहिल्याच पानांत आहे आणि ते निर्दय आहे. झाडं नाहीत, बागा नाहीत, कबुतरं नाहीत, समुद्र आहे तर शहर त्याच्याकडे पाठ करून बसलेलं. लोक पैसा मिळवायला राबतात आणि संध्याकाळी ठरलेल्या जागी ठरलेल्या माणसांत बसतात. सोलापूरकराला यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून आपण याहून जास्त ऐकलंय. ऊन, धूळ, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, आणि बघायला काय आहे तर म्हणे चादर आणि शेंगाचटणी. कामूला असंच शहर हवं होतं. जिथं काही घडत नाही असं सगळे म्हणतात, तिथं हे घडलं पाहिजे.

सरकारी बैठकीचा प्रसंग छान रंगलाय. सगळ्या डॉक्टरांना कळलंय हा प्लेग आहे, आणि तोंडानं तसं म्हणायला मात्र कुणी तयार नाही. रियूचं म्हणणं साधं आहे: नाव काहीही द्या, अर्धं शहर मरू नये एवढं बघा. शेवटी सूचना निघतात त्या छोट्या पांढऱ्या कागदांवर, तेही कोपऱ्याकोपऱ्यांत चिकटवलेले.

आणि मग आकडे. या बाबतीत कामूइतका पक्का लेखक मी वाचलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात ३०२ मृत्यू, पाचव्यात ३२१, सहाव्यात ३४५. वाढ तर दिसतेय, तरी लोक फारसे हलत नाहीत. का? तर एरवी, चांगल्या दिवसांत, आठवड्याला शहरात किती माणसं मरतात हेच कुणाला माहीत नसतं. हे वाचून मी गार पडलो. पुढं आकडा फुगतो तेव्हा आठवड्याचा हिशेब बंद करून रोजचा जाहीर करायला लागतात: ९२, १०७, १२०. तारू नावाचं एक पात्र आपल्या वहीत टिपून ठेवतं की यांना वाटतंय आपण प्लेगवर कुरघोडी केली, कारण १३० हा आकडा ९१० पेक्षा लहान आहे.

आमच्याकडेही रोज संध्याकाळी आकडा यायचा आणि काउंटरवरची माणसं सोन्याचा भाव सांगावा तसा तो एकमेकांना सांगायची. मला साथ त्या आकड्यातून कधीच कळली नाही. मला कळली ती उधारीच्या वहीतून. पगार झाला की बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांची महिन्याची स्ट्रिप न्यायला येणारी ठरलेली माणसं असतात. त्यांच्या गोळ्या मी आधीच काढून, रबर लावून, नाव लिहून ठेवतो. दुसऱ्या लाटेनंतर काही पाकिटं तशीच पडून राहिली. ती परत कप्प्यात लावायची की ठेवायची, हे ठरवता येईना. कामूच्या पुस्तकात असं पाकीट नाही, पण अशा पाकिटाची जाण असलेला माणूस ते लिहितोय हे पानोपानी जाणवतं.

पुस्तकाचा गाभा माझ्या मते न्यायाधीश ओतोंच्या लहान मुलाच्या मृत्यूचं प्रकरण. पॅरिसहून आलेलं प्लेगवरचं सीरम पुरत नाही, म्हणून म्हातारा डॉक्टर कास्तेल ओरानमधल्याच जंतूंपासून सीरम बनवायला घेतो. ते पहिल्यांदा टोचलं जातं या मुलाला, जेव्हा त्याची आशा संपलेली असते तेव्हा. खाटेभोवती सगळे उभे. रात्र जाते, पहाट होते. आणि त्या सीरमनं होतं काय, तर मूल इतरांपेक्षा जास्त वेळ झगडतं, म्हणजे जास्त वेळ सोसतं. कामू एकही क्षण गाळत नाही. पोराचे हातपाय कसे आखडतात, ताप उतरल्यासारखा वाटून पुन्हा कसा चढतो, किंकाळी कशी फुटते, आणि त्या खोलीतले बाकीचे रोगी तिच्यावर कसे कण्हायला लागतात. औषधाच्या धंद्यात असलेल्या माणसानं हे प्रकरण बसून वाचावं. औषध दिलं आणि ते लागूही पडलं, तरी त्यातून भलं झालंच असं नाही. ही गोष्ट औषध कंपनीच्या कुठल्याही एमआरच्या (प्रतिनिधीच्या) फोल्डरमध्ये छापलेली नसते.

मला अर्थातच एप्रिल २०२१ आठवला. रेमडेसिव्हिरसाठी लोक माझ्याकडे दागिने घेऊन आले होते. माझ्याकडे ते येतच नव्हतं, हे कुणाला पटत नव्हतं. त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं सांगून टाकलं होतं की या औषधानं जीव वाचतो असा पुरावा दिसत नाही, वापरू नका. आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी करणारं म्हणून ज्याचं नाव जून २०२० मध्येच पुढं आलं, ते डेक्सामेथासोन म्हणजे माझ्या कप्प्यातली जुनी, स्वस्तातली गोळी. ती कुणी दागिने मोडून मागितली नाही. प्लेगचंही तसंच. आज डॉक्सिसायक्लिननं तो बरा होऊ शकतो, आणि ती स्ट्रिप माझ्याकडून मुख्यतः पोरं-पोरी तोंडावरच्या मुरमांसाठी घेऊन जातात.

पाद्री पानलूबद्दल दोन शब्द. साथीच्या सुरुवातीला तो चर्चमध्ये गरजतो की हे तुमच्याच कर्माचं फळ. आमची आजी गाठीच्या तापाच्या ऐकीव गोष्टी सांगायची, लोक गाव सोडून माळावर पालं टाकून कसे राहायचे ते सांगायची, आणि शेवटी तिचं म्हणणं हेच असायचं, मरीआई कोपली की असंच व्हायचं. त्यामुळे पानलूचं पहिलं प्रवचन मला ओळखीचंच वाटलं. पण तो त्या मुलाच्या खाटेशी उभा राहतो आणि नंतरच्या प्रवचनात त्याचा आवाज उतरलेला असतो, समोरच्यांना झापायचं सोडून तो स्वतःला त्यांच्यात धरून बोलतो. पुढं तो आजारी पडतो, डॉक्टरची मदत नाकारतो, आणि मेल्यावर त्याच्या कार्डावर ‘संशयित’ एवढंच लिहिलं जातं. कामू नास्तिक होता, तरी त्यानं पाद्र्याची टिंगल केलेली नाही.

कोतार हा माणूस तर मी रोज बघतो. साथीआधी त्यानं गळफास लावून घेतलेला असतो, पोलिसांचं काहीतरी लचांड मागे असतं. प्लेग आला आणि पोलिसांना त्याच्याकडे बघायला वेळ उरला नाही. सगळं शहरच घाबरलेलं, त्यामुळे हा एकटा पडत नाही. चोरट्या सिगारेटी आणि भिकार दारू वाढत्या भावानं विकतो आणि आयुष्यात पहिल्यांदा खुशीत असतो. गंमत अशी की तो दुष्ट नाही. आमच्या भागात एकजण ऑक्सिमीटर तिप्पट भावानं विकत होता. तोच माणूस रात्री-अपरात्री स्वतःच्या गाडीतून शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन सोडायचा, पेट्रोलचे पैसे मागत नव्हता. त्याला कुठल्या खान्यात टाकायचं? कामूही कोतारला खान्यात टाकत नाही, नुसतं दाखवतो. माझी अपेक्षा होती की निदान शेवटी तरी लेखक निकाल देईल. शेवट सांगत नाही, पण निकाल असा काही येत नाही.

सोलापुरात डॉक्टर आणि त्याग हे शब्द एका वाक्यात आले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला, १९४२ मध्ये तिथंच मृत्यू, वय ३२. त्यांचं स्मारक शहरात आहे आणि असायलाच हवं. डॉक्टर रियू साधारण त्याच पिढीतला, पस्तिशीचा. पण कामूला स्मारकं नको आहेत. रियू म्हणतो की हा शौर्याचा मामला नाही, साध्या प्रामाणिकपणाचा आहे, आणि प्रामाणिकपणा म्हणजे माझ्यापुरतं तरी माझं काम नीट करणं. तो डॉक्टर असून बहुतेक वेळ त्याला बरं करता येत नाही. तो नुसता निदान करतो आणि शिपायांबरोबर जाऊन रुग्णाला घरच्यांच्या हातातून ओढून नेतो, बायका त्याला ‘तुम्हाला काळीज नाही’ म्हणतात. त्याची स्वतःची आजारी बायको साथीच्या तोंडावरच दूर डोंगरातल्या आरोग्यधामात गेलेली असते, आणि दारं बंद झाल्यावर मधे उरतात फक्त तारा, दोन-चार शब्दांच्या.

नायक हवाच असेल तर, असं निवेदक म्हणतो, हा घ्या: जोसेफ ग्राँ. नगरपालिकेतला हंगामी कारकून. बढतीचं आश्वासन मिळून बावीस वर्षं झालीत. दिवसभर कचेरी, संध्याकाळी स्वयंसेवकांच्या आरोग्य पथकांचे तक्ते आणि बेरजा, आणि रात्री घरी कादंबरी लिहिणं. कादंबरीचं एकच वाक्य झालंय, घोड्यावरून जाणाऱ्या एका बाईचं, आणि तेच तो पन्नासेक पानं भरून पुन्हा पुन्हा दुरुस्त करतोय. मी मोठ्यानं हसलो. आणि मग मला आमच्या दुकानातला पोरगा आठवला. टाळेबंदीत पास लावून, सायकलवरून, बंद गल्ल्यांच्या बांबूपलीकडे पिशव्या पोचवायचा. त्याला कुणीतरी ‘कोरोना योद्धा’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं, लॅमिनेशन केलेलं. आमच्या एका ड्रॉवरचा तळ फाटला होता आणि गोळ्या खाली गळायच्या. त्यानं ते प्रमाणपत्र मापात कापून तिथं बसवलं. अजून तिथंच आहे, चांगलं टिकलंय.

आता खटकलेलं. अल्जीरियातलं शहर, आणि अख्ख्या पुस्तकात नाव असलेला, बोलणारा असा एक अरब माणूस नाही. रांबेर नावाचा पॅरिसचा पत्रकार ओरानला येतो तोच मुळी अरबांच्या राहणीमानावर लिहायला. सुरुवातीला तसा उल्लेख होतो आणि मग साथ, दारं, पळून जायच्या खटपटी यांत अरब विरून जातात. त्यांच्या वस्तीत प्लेग कसा पसरला, त्यांना सीरम मिळालं का, कळत नाही. मी ज्या काउंटरवर उभा असतो तिथं ‘दिवसाला दोन’ हे कधी ‘रोजुकु रेंडु’ असं तेलुगूत सांगावं लागतं, कधी ‘दिनक्के एरडु’ असं कन्नडात, कधी उर्दूत. पूर्व भागातली साथ लिहायची आणि त्यात तेलुगू माणूस नाही, असं कुणी केलं तर मी ते पुस्तक अर्ध्यात ठेवीन. कामू स्वतः १९१३ साली अल्जीरियातच जन्मला, गरिबीत वाढला, म्हणून हे जास्तच लागतं.

बायकांचंही तेच. डॉक्टरची आई खिडकीशी बसते, बायको दूर असते, बाकीच्या वाट बघतात. आमच्या गल्लीत साथ बायकांनीच काढली, विडीची पानं बंद, मजुरी बंद, आणि चूल मात्र चालू.

मधला भाग रेंगाळतो, पण साथही अशीच रेंगाळते, ते मी चालवून घेतलं. तारूचं सरकारी वकील असलेल्या बापाविषयीचं लांबलचक मनोगत मात्र थोडं छाटलं असतं तर बरं. ते संपल्यावर तो आणि रियू दोघंच रात्री समुद्रात पोहायला जातात, ती दोन-तीन पानं सगळी भरपाई करून टाकतात.

जाणकार सांगतात की प्लेग म्हणजे फ्रान्सवरचा जर्मन कब्जा, ही रूपककथा आहे. आहेच. पुस्तक युद्धाच्या काळात लिहिलं गेलं आणि ते झाकलेलंही नाही. पण कामूला सतराव्या वर्षी टीबी झाला होता, टीबीवर गोळ्या नव्हत्या तेव्हा. ज्याला स्वतःच्या छातीतून रोग ठाऊक आहे त्यानं लिहिलेला रोग मी आधी रोग म्हणूनच वाचणार.

मी पेंग्विनची, रॉबिन बस यांच्या इंग्रजी भाषांतराची प्रत वाचली. इंग्रजी सरळ आहे, डी.फार्म. झालेल्या माणसाला शब्दकोश फारसा लागला नाही. प्रस्तावना शेवटी वाचा. ही गोष्ट सांगणारा नेमका कोण, हे शेवटी उलगडतं, ते आधी कुणाकडूनही ऐकू नका. ज्यांच्या घरातलं माणूस साथीत गेलंय त्यांनी मुलाच्या मृत्यूचं प्रकरण ओलांडून पुढं गेलं तरी काही बिघडत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कुठं कापला ते वर सांगितलंच आहे.

सध्या प्रत बायकोकडे आहे. ती रांबेरपाशी अडकलीय. इतक्या खटपटी करून, चोरवाटेचे पैसे ठरवून, पॅरिसला प्रेयसीकडे सुटायची वेळ आली तेव्हा हा ‘मी थांबतो’ म्हणतो, हे तिला अजिबात पटलेलं नाही. "तिकडं जी वाट बघत बसलीय तिला विचारलं का यानं?" म्हणते. मी रियूची बाजू घेऊन बघितली, चालली नाही.